चारशे वर्षांचं घर आणि कणकेचा गिलावा

टॅम्पिनीस, सिंगापूर
सोमवार, दुपार

ती. मधुताईस,

संजीवचा साष्टांग नमस्कार. (जेवणाचं टेबल, सोफा आणि कपडे वाळत घालायचा स्टँड यांच्यामध्ये माणूस आडवा मावेल एवढी सलग जमीन या फ्लॅटमध्ये कुठेच नाही. तेव्हा आठांपैकी जमली तेवढी अंगं टेकली आहेत असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या वर्षी स्वयंपाकघराच्या पायरीवरून पडलीस, तेव्हापासून त्या गुडघ्याचा घोर तुझ्यापेक्षा मलाच जास्त आहे असं तुझी भाची कस्तुरी म्हणते. ठेकेदार वेळेवर येतो ना? निघण्यापूर्वी मी त्याला बजावलं होतं की बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, सगळी फरशी एका पातळीत आली पाहिजे, पायरी औषधालाही उरता कामा नये. दर रविवारी फोनवर तू 'काम झकास चाललंय' म्हणतेस आणि मागे ठोकाठोकही ऐकू येते, तेव्हा जिवाला स्वस्थता वाटते. मेहुणे म्हणून भाऊसाहेबांबद्दल मला आदर आहे हे तू जाणतेस, पण हायस्कुलात जन्मभर गणित शिकवलेल्या माणसानं कराडसारख्या सपाट गावात घर बांधावं आणि त्याच्या कुठल्याच दोन खोल्यांची पातळी जुळू नये, याचं मला तुझ्या लग्नापासून कोडं आहे. आता ते एकदाचं मिटेल.

माझी तब्येत उत्तम. सकाळी इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारतो. तिथे बुद्धिबळासारखं काहीतरी खेळणारे चिनी म्हातारे मला अंकल म्हणतात, मीही त्यांना अंकल म्हणतो, आणि संभाषण तिथेच संपतं. अरुणा या खेपेला पुण्यातच राहिली, त्यामुळे मला आवरणारं इथे कोणी नाही. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.) हे शहर मला फार पटलं. सगळं काटकोनात. आल्या आल्या आमच्या इमारतीचा कोपरा ओळंब्यात आहे का ते मी जिन्यातून पाहिलं. केसाचाही फरक नाही. ओळंबा कुठून आला म्हणशील, तर बरोबर आणला. तो, काटकोन बघायचा गुण्या आणि पातळी बघायची पाणसळ ही तीन हत्यारं मी बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यावरही प्रवासात सोडत नाही. विमानतळावरच्या मुलीनं तो दोरीला बांधलेला पितळी लोळा हातात घेऊन विचारलं की अंकल, हे काय? म्हटलं, सरळ काय आणि वाकडं काय ते हा सांगतो. तिनं तो तीनदा यंत्रातून घातला, साहेबाला दाखवला, आणि शेवटी सामानात टाकायला लावला. तोवर विमान माझ्यासाठी थांबलेलं होतं. रांगेतली माणसं माझ्याकडे जसं बघत होती, तसं एकेकाळी ठेकेदार बघायचे, त्यामुळे मला परकं वाटलं नाही.

आता मूळ हकिगत. कस्तुरी इथल्या विद्यापीठात जुन्या लाकडी घरांवर संशोधन करते हे तुला ठाऊक आहे. (नात्यात विचारलं तर आपण 'आर्किटेक्ट आहे' एवढ्यावर थांबतो, कारण पुढे गेलं की लोक आपल्या बाल्कनीचं काय करू ते विचारतात.) गेलं वर्षभर ती एकाच घराच्या मागे आहे. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीशी नेटलकोट नावाचं शेत आहे, त्यावरचं हे चारशे वर्षांपूर्वीचं शेतकऱ्याचं घर. आपल्याकडे फार्महाऊस म्हटलं की पोहण्याचा तलाव आणि फाटकावर सिमेंटचे दोन सिंह. शेती तेवढी नसते. इथे गायी, लोणी, धान्य आणि माणसं खरोखर एका छपराखाली नांदत होती. कस्तुरीनं त्या घरात पाऊल टाकलेलं नाही. यंत्रानं प्रत्येक तुळईची मापं घेतलेली असतात, ती तिला इथे मिळतात. त्या मापांवरून तिनं त्या घराचं लाकडी मॉडेल केलं, आपल्या देवघरापेक्षा थोडं मोठं, आणि शेवटचा हात फिरवायला म्हणून ते घरी आणून जेवणाच्या टेबलावर सोलापुरी चादरीखाली ठेवलं. तेव्हापासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

ताई, घर मात्र ऐकण्यासारखं आहे. ओक नावाच्या लाकडाचा सांगाडा, तोही लाकूड ओलं असतानाच कापून लाकडाच्याच खुंट्यांनी जोडलेला. लोखंडाचा खिळा नाही. सांगाड्याच्या चौकटींत काठ्या विणायच्या आणि वर माती, शेण, भुसा यांचा लेप द्यायचा. म्हणजे आपला कूडच की! साहेब शेणानं भिंती लिंपत होता हे मला नोकरीत असताना कळतं, तर कितीतरी बैठकांत मी ताठ बसलो असतो. पुढचं दार आणि मागचं दार समोरासमोर, मधून वारा वाहता, तिथे धान्य झोडपून उफणायचे. उत्तरेला दूधदुभत्याची थंड खोली. मधली मोठी खोली वर आढ्यापर्यंत उघडी, जमिनीवर आगटी पेटलेली, आणि धूर वाट फुटेल तिकडून जायचा. वरची लाकडं अजून काजळीनं काळी आहेत म्हणे. पुढे दोन-तीन पिढ्यांनी कोणाला तरी धुराचा कंटाळा आला. त्यानं घराच्या पोटातच विटांचं मोठं धुराडं बांधलं आणि मधल्या खोलीवर माडी घातली. धुराडं जड, खालची जमीन मऊ. ते हळूहळू खचलं आणि सगळ्या घराला स्वतःकडे ओढत गेलं. माडीवर गोटी सोडली तर ती आपसूक धुराड्याशी जाऊन थांबते. पण घरातली माणसं काही थांबली नाहीत. दार लागेना तेव्हा दार तासलं, जिना त्या कललेल्या माडीच्या मापानं केला, खिडक्या तिरक्या चौकटीत तिरक्या बसवल्या, आणि आणखी शंभर वर्षांनी मागे स्वयंपाकघर जोडलं ते एक पायरी खाली, कारण तिकडची जमीनच खाली होती.

हे घर आता एका विश्वस्त मंडळाकडे आहे आणि त्याची दुरुस्ती व्हायची आहे. तिकडच्या इंजिनिअरांचं म्हणणं, जॅक लावून सगळं घर उचला आणि सरळ करा. कस्तुरीचं म्हणणं, धुराड्याचा पाया तेवढा धरा, बाकी घर कललंय तसंच राहू द्या. मंडळातल्या हार्डविकबाई ऑस्ट्रेलियाला लेकीकडे जाताना वाटेत इथे उतरणार होत्या आणि शुक्रवारी विद्यापीठात मॉडेल बघणार होत्या. घराचं काय व्हायचं ते त्यांच्या मतावर होतं, आणि कस्तुरीची पुढची नेमणूकही त्यातच अडकलेली होती. ताई, हे सगळं मला आज माहीत आहे. पोरीनं ते मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात नीट बसून सांगितलं होतं. पण मी त्या वेळी न्हाणीघराच्या फरशीचा उतार पाणसळीनं बघत होतो आणि मान डोलावत होतो.

बुधवारी ती सकाळी गेली. मी चहा घेऊन टेबलापाशी आलो आणि सहज चादर उचलली. अख्खं घर कललेलं! माझ्या मनात एकच आलं: इथली दमट हवा, लाकूड फुगलं, आणि पोरीची वर्षभराची मेहनत दोन दिवस आधी वाकडी झाली. तिला फोन करून घाबरवायचं कशाला? बाप इथे रिकामा बसलाय. ज्या माणसानं वाकडा दिसला म्हणून आमदाराच्या गावचा बसस्टँड पाडायला लावला, त्याला एवढं जमणार नाही? पितळी ओळंबा मॉडेलच्या दारातून आत जाईना, म्हणून शिवणाच्या दोऱ्याला रुचिररावांच्या शर्टाचं बटण बांधून छोट्या घराचा छोटा ओळंबा केला. (रुचिरराव त्या दिवशी घरूनच काम करणार होते. खोलीतून बाहेर आले, टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि 'बाबा, मी ऑफिसलाच जातो' म्हणून बटण नसलेल्या शर्टातच निघून गेले. जावई समंजस आहे.)

पहिल्यांदा मी धुराड्याजवळचा कोपरा उचलून खाली आइस्क्रीमच्या काड्या घातल्या. खुंट्यांचं काम असल्यामुळे सांगाडा सुरेख वळला. ओळंबा लावला, खांब अगदी सरळ. इतकं समाधान मला निवृत्तीनंतर झालं नव्हतं. पण खालचं दार लागेना. दाराची वरची कड तिरकी होती, ती तासली. मग त्याच्या शेजारचं दार लागेना, तेही तासलं. मग जिना माडीपर्यंत पोचेना, त्याला एक फळी जोडली. खिडक्या चौकटीत डुगडुगू लागल्या, त्यांच्या कडा कापल्या. आणि मग सगळ्यात मोठी आपत्ती: सांगाडा सरळ झाला तसं धुराडं त्याच्यापासून सुटलं आणि मध्ये बोट जाईल एवढी फट पडली. चुना घरात नव्हता. दुपारच्या पोळ्यांची कणीक भिजवलेली होती, तिनं ती फट भरून वर बोटानं गिलावा केला, कोरडी कणीक भुरभुरली, रंगही छान जुळला. संध्याकाळपर्यंत नेटलकोटचं घर सिंगापूरच्या कुठल्याही इमारतीशेजारी ताठ मानेनं उभं राहील असं झालं होतं. आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

कस्तुरी आली. चपला काढायला वाकली ती तशीच वाकून टेबलाकडे बघत राहिली. मी उत्साहानं सांगायला लागलो की हवेनं कललं होतं, मी सगळं ओळंब्यात आणलं. ती खुर्चीत बसली आणि धुराड्यावरची कणीक नखानं खरवडून बघू लागली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, लहानपणी ओरडायची. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा, हे घर इतकं सरळ कधीच नव्हतं हो. बांधलं त्या दिवशीसुद्धा." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ताई, मी आजवर कितीतरी भिंती पाडायला लावल्या, ठेकेदारांच्या शिव्या खाल्ल्या, पण स्वतःचा एवढा राग मला कधी आला नव्हता. तासलेलं लाकूड परत लांब होत नाही. शुक्रवार परवावर आलेला. मी म्हटलं, मी तिकडे येतो, सगळ्यांसमोर माझी चूक म्हणून सांगतो. ती मुंग्या झटकायला ब्रश घेऊन आली. ब्रश फिरवता फिरवता थांबली आणि म्हणाली, "आधी काय केलंत? कोपरा उचललात? मग कुठलं दार लागेना?" मी सांगत गेलो. ती मला पुन्हा पुन्हा मागे नेई. जिना नक्की किती कमी पडला? खिडक्या त्याच्या आधी की नंतर? बोलता बोलता तिचा चेहरा बदलला. बाप हे एक संकट आहे असं बघणं थांबून, बाप ही माहिती आहे असं ती माझ्याकडे बघायला लागली. ते सुधारणा म्हणावं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शुक्रवारी मोठ्या टॅक्सीत मागे मॉडेल आणि पुढे मी असे दोघे विद्यापीठात गेलो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कारण मला वाटलं क्षमा मागायची आहे. पण कस्तुरीनं उभं राहून सांगितलं काय, तर हे माझे वडील, जन्मभर सरकारी इमारती बांधलेले अनुभवी इंजिनिअर; यांनी हे घर एका दिवसात सरळ करून दाखवलंय, तेव्हा सरळ करण्याबद्दल जे विचारायचं ते यांनाच विचारा. म्हणजे मॉडेल एक आणि नमुना दुसरा! हार्डविकबाई सत्तरीच्या, उंच, पायात शेतावरचेच वाटतील असे बूट. त्यांनी फार बोलू दिलं नाही. एवढंच विचारलं की हे करताना काय काय काढावं लागलं? मी खिशातून काड्यापेटी काढली. (पाडलेल्या कामाचा माल साहेबाला दाखवल्याशिवाय टाकायचा नाही ही खात्यातली सवय.) दारांच्या चकत्या, खिडक्यांच्या कडा, सगळं त्यांच्या तळहातावर ओतलं. बाई ते बोटानं चाळत राहिल्या. एक चकती कुठली ते मी मॉडेलवर दाखवलं, तेव्हा म्हणाल्या की हे माझ्या आईच्या खोलीचं दार, रात्री ते करकरलं की आई झोपायला गेली असं आम्हाला कळायचं. बाईंचा जन्म त्याच घरातला होता, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं की तुम्ही आता पुढे काय कराल? ताई, मी तयारी केलेली नव्हती. माझ्या त्या सरकारी इंग्रजीत एवढंच म्हणालो की मॅडम, असंच करत गेलो तर सगळं घर अगदी सरळ होईल आणि सगळं नवं होईल. फक्त ते तुमचं राहणार नाही. बाईंनी मान हलवली, चकत्या मोजून काड्यापेटीत परत भरल्या, आणि जाताना विचारलं की या धुराड्यावर मुंग्या का आहेत.

मंडळाचं उत्तर काल, रविवार असूनही, आलं. धुराड्याचा पाया धरायचा, बाकीचं घर तसंच ठेवायचं. कस्तुरीची नेमणूक पुढे चालू राहणार, आणि वसंतात तिला नेटलकोट बघायला बोलावलं आहे. मला बोलावलेलं नाही. पोरीनं मला माफ केलं का, ते नीट कळत नाही. चादर आता चारी बाजूंनी चिमट्यांनी बांधलेली असते. पण काल रात्री जेवण झाल्यावर तिनं दोन लाकडाचे तुकडे आणि मापांचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि तासलेली दोन दारं पुन्हा वाकडी करून द्या म्हणाली. आज सकाळपासून तेच करतोय. सरळ काम हाताला येतं, पण वाकडं जसंच्या तसं करायचं म्हणजे आधी ते वाकडं का झालं ते कळावं लागतं. हे दार एकदा तासलेलं नाही. घर थोडं कललं, कोणीतरी तासलं. त्याचा मुलगा म्हातारा झाला तोवर आणखी कललं, त्यानं तासलं. घर बदलत होतं आणि माणसं दाराची समजूत काढत आत राहत होती. मी हे सगळं नोकरीत 'दोष' या एका सदराखाली लिहीत आलो. असो. दुसरं दार अजून थोडं जास्तच सरळ दिसतंय, ते बघतो.

तुळशीला, मांजराला आणि शेजारच्या नीताला माझी आठवण सांग. स्वतःला जप.

तुझा,
संजीव

ता. क. एवढं लांबण लावलं ते खरं म्हणजे एकाच गोष्टीसाठी, आणि ती लिहायला पान उलटावं लागलं. ताई, ठेकेदाराला थांबव. फोनवर हे मला बोलता येणार नाही, म्हणून रुचिररावांचे एक मित्र उद्या पुण्याला निघालेत त्यांच्या हाती पत्र देतोय, ते कुरिअरनं पुढे पाठवतील. आज मापांच्या कागदावर इंग्लंडच्या त्या स्वयंपाकघराची खाली उतरणारी पायरी पाहिली आणि मला तुझं स्वयंपाकघर दिसलं. भाऊसाहेबांना गणित येत होतं, ताई. परसाकडे जमीनच खाली होती आणि भरावाला मुरूम मिळाला नव्हता. घरात कोणीही आलं, मग ते शाळेचे मुख्याध्यापक असोत की दूधवाला, भाऊसाहेब जिथे असतील तिथून म्हणायचे, "पायरी आहे हं, जपून." ते गेल्यापासून तू म्हणतेस, अगदी त्यांच्याच सुरात. ती पायरी गेली तर ते वाक्य कुणाला आणि कशासाठी म्हणायचं? तुझ्या गुडघ्यासाठी तिथे भिंतीला धरायला दांडा लावू, चांगला दिवा लावू, मी आल्यावर स्वतः लावतो. आणि फोडली असेल, तर निदान तिचे तुकडे टाकू देऊ नकोस.

आणखी ता. क. पाकीट बंद केलं होतं, ते फाडून हे लिहितोय. राहवेना म्हणून ठेकेदारालाच फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, बाईंनी मला पहिल्याच दिवशी चहा-पोहे दिले, पायरीशेजारी भिंतीला धरायला दांडा तेवढा बसवून घेतला आणि परत पाठवलं. तुम्हाला म्हणाल्या नाहीत?" नाही, म्हणाल्या नाहीत! दर रविवारी 'काम झकास चाललंय' म्हणाल्या. आणि ती ठोकाठोक? ताई, ती खलबत्त्याची होती तर! माझ्यासाठी दर रविवारी दाण्याचं कूट करत होतीस? मी दिवाळीनंतर येतोय. ओळंबा इथेच ठेवून येईन. मी स्वयंपाकघराकडे निघालो की, मला माहीत असलं तरी, तू आपलं म्हण: पायरी आहे हं, जपून.